पत्ते वाटणाऱ्या जाऊबाई

माझ्या मोठ्या जाऊबाई हॉस्पिटलात पत्ते वाटतात, असं आमच्या मामंजींनी एकदा घरी आलेल्या पाहुण्यांना सांगून टाकलं. मामंजींना ऐकू कमी येतं, आणि जेवढं येतं त्याचा अर्थ ते आपल्या सोयीने लावतात. पाहुणे जरा चपापले. त्यांतल्या एकीने हळूच विचारलं, "म्हणजे, पेशंटांना तेवढाच विरंगुळा म्हणून का?" जाऊबाई ओट्यापाशी भांडी पुसत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "हो," म्हणाल्या, "रमी असते आमच्याकडे."

त्या दिवसापासून घरात त्यांना पत्तेवाली म्हणायला लागले आणि पुढे हॉस्पिटलातही. तिथे ते नाव मीच पोचवलं. मी त्याच हॉस्पिटलात तळमजल्यावर नोंदणीच्या खिडकीत बसते. जाऊबाई माझ्या पायाखाली, तळघरात. सकाळी एका घरातून दोघी निघायचो, एका दारातून आत शिरायचो आणि मग दिवसभर एकमेकींचं तोंड दिसायचं नाही.

तसं मामंजींचं फारसं चुकलं नव्हतं. हॉस्पिटलात कॉम्प्युटर, प्रिंटर, नर्सच्या हातातले टॅब, लॅबमधली यंत्रं अशी शेकड्यांनी उपकरणं. त्यांना एकमेकांशी बोलायचं तर प्रत्येकाला स्वतःचा पत्ता हवा, आकड्यांचा. तो कुणी माणूस देत बसत नाही. यंत्र सुरू झालं की जाळ्यात हाक मारतं, मी आलोय, माझा पत्ता काय. आणि तळघरातला एक सर्व्हर उत्तर देतो, हा घे, अमुक वेळेपर्यंत तुझा. मुदत सरत आली की यंत्राने पुन्हा विचारायचं, सर्व्हरने पुन्हा वाढवून द्यायची. हे सगळं डोळ्याआड चालतं. इतकी वर्षं त्या खिडकीत बसून मला या पत्त्यांचा पत्ता नव्हता. हा विनोद मी घरी परतताना बसमध्ये जाऊबाईंना सांगितला. त्या हसल्या नाहीत. वर दांडी धरून त्या उभ्या-उभ्या झोपल्या होत्या.

थकवा हा तेव्हा त्यांचा स्वभावच होऊन बसला होता. आमच्या घराचा जिना चढताना त्या मधल्या वळणावर थांबायच्या आणि पिशवीत किल्ली शोधायच्या. किल्ली हातातच असायची. मी ते पाहायची आणि काही बोलायची नाही. "वय झालं आता," त्या म्हणायच्या. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांचे यजमान, म्हणजे माझे मोठे दीर, शिंपी आहेत. घराखालीच त्यांचं दुकान. भाऊजी म्हणायचे, "त्या तळघरात ऊन नाही, वारा नाही. माणूस पिवळं पडणार नाही तर काय." आणि पुन्हा मशीनवर वाकायचे.

जेवताना जाऊबाईंचा फोन ताटाशेजारी असायचा. आंघोळीला जाताना तो न्हाणीघराच्या दाराबाहेर स्टुलावर. सर्व्हर एकच, आणि तो समजणारं माणूसही एकच. "तो आणि मी," त्या म्हणायच्या, "दोघांपैकी आधी कोण बसतंय ते बघायचं."

आधी सर्व्हर बसला.

त्या दिवशी जाऊबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, मामंजींना कानाच्या डॉक्टरकडे न्यायला. तिथे एका बंद खोलीत बसवून बारीक-बारीक आवाज ऐकवतात, आणि सोबतच्या माणसाला फोन बंद ठेवायला सांगतात. इकडे माझ्या खिडकीत सकाळ नेहमीसारखी सुरू झाली. मग शेजारच्या खिडकीतला कॉम्प्युटर अडला. जरा वेळाने प्रिंटर मुका झाला. मग माझा कॉम्प्युटर. सर्व्हर कधीचाच बंद पडला होता, पण ज्याच्या पत्त्याची मुदत शिल्लक होती ते यंत्र चालत राहिलं आणि मुदत संपली तसं एकेक गप्प होत गेलं. म्हणून कुणाला काही उमजेना. सगळं एकदम गेलं असतं तर लोक वीज गेली म्हणाले असते. इथे भरल्या खोलीतून एकेक माणूस न सांगता उठून जावा, तसं चाललं होतं.

रांग दाराबाहेर गेली. मी हाताने नावं लिहायला घेतली. एका बाईंच्या कडेवर तापाने लाल झालेलं मूल होतं आणि त्याचे जुने कागद कॉम्प्युटरात अडकलेले. वॉर्डातल्या नर्सना कुणाला कोणतं औषध द्यायचं ते टॅबवर दिसेना. त्या डॉक्टरांच्या मागे फिरत तोंडी विचारत होत्या. हॉस्पिटलचा वायरमन एकेक स्विच उघडून पाहत होता. जाऊबाईंचे साहेब, म्हणजे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, तळघर ते तिसरा मजला अशा फेऱ्या मारत होते आणि प्रत्येक फेरीत मला विचारत होते, "फोन लागला का त्यांचा?"

जाऊबाई दुपारी आल्या त्या मामंजींना घेऊनच. घरी सोडायला सवड नव्हती. मामंजींना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवून त्या खाली गेल्या. मामंजी खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "तुम्हांला काय होतंय?" लोक बिचारे सांगू लागले. मी थांबवलं नाही. रांगेतल्यांना कुणीतरी ऐकून घेतंय असं वाटलं, तेही काही कमी नव्हतं.

सर्व्हरची डिस्क गेली होती. जाऊबाईंनी जुन्या साठ्यातली दुसरी घालून तो उभा केला, आणि हॉस्पिटल हळूहळू बोलतं झालं. त्यांना साहेबांनी वर बोलावलं. तिथे काय झालं ते त्यांनी मला घरी जाताना सांगितलं.

"जोडीला दुसरा सर्व्हर हवा," त्या म्हणाल्या होत्या. "एक पडला तर दुसऱ्याने पत्ते द्यायचे. मी हे आधीही म्हटलं होतं."

साहेब काही वाईट माणूस नाहीत. त्यांनी कपाळ चोळलं. "लिफ्ट एकच आहे, बाई. एक्स-रे एकच आहे. मी कशाकशाला जोडीदार आणू?" मग थोडं थांबून म्हणाले, "रेकॉर्ड विभागातून काढलेलं एक मशीन पडून आहे. ते चालेल का?"

"चालवते," जाऊबाई म्हणाल्या.

ते मशीन त्यांनी झाडूनपुसून जुन्या सर्व्हरच्या शेजारी मांडलं. रोजची कामं सांभाळून, सवड मिळेल तसं. पहिल्यावरचं सगळं जसंच्या तसं दुसऱ्यावर उतरवलं. पण तेवढ्याने जोडी होत नाही. कुणी कुणाला कोणता पत्ता दिला हे दोघांनी एकमेकांना सतत कळवत राहावं लागतं, आणि ती जोडणी वेगळी करावी लागते. ती उद्या करू म्हणून जाऊबाई घरी आल्या. निघताना दुसरा सर्व्हर बंद करायचा होता. तो चालूच राहिला.

"मला बंद केल्याचं आठवतंय गं," त्या नंतर म्हणायच्या. "बटणावर ठेवलेलं बोट दिसतंय मला. पण नव्हता केला."

मग दोघेही वाटत बसले. दोघांकडे सारखीच गड्डी, आणि याने काय दिलं ते त्याला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या रक्त तपासायच्या यंत्राला आणि धुलाईच्या खोलीतल्या प्रिंटरला एकच पत्ता मिळाला. लॅबमधले रिपोर्ट वॉर्डात पोचेनात. धुलाईच्या खोलीतला प्रिंटर मात्र न सांगता चालू झाला आणि कागदामागून कागद ओकू लागला. त्यावर नुसती चिन्हं. तिथल्या बायकांनी प्रिंटरवर चादरी टाकून ठेवल्या.

लॅबच्या बाई म्हणजे कडक काम. वयाने जाऊबाईंहून मोठ्या, आवाज त्याहून मोठा. त्यांनी फोन करून म्हटलं, "वर या आणि काय करून ठेवलंय ते बघा." लॅब तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये स्ट्रेचर होतं, म्हणून जाऊबाई जिन्याने गेल्या. दारात पोचल्या तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि मग तशाच खाली बसल्या.

लॅबच्या बाई बोलायला म्हणून उठल्या होत्या. त्याऐवजी त्यांनी जाऊबाईंचा हात उचलून नखं पाहिली, मग डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली.

"कधीपासून असं आहे?"

"आधी तुमचं यंत्र," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी तिथूनच वायरमनला फोन लावला, तळघरात जाऊन डावीकडच्या, दुसऱ्या सर्व्हरची वायर काढायला सांगितली. मग यंत्र बंद करून चालू करवलं, नवा पत्ता घ्यायला लावलं. रिपोर्ट जायला लागले. "झालं," म्हणाल्या आणि उठू लागल्या.

"बसा," लॅबच्या बाई म्हणाल्या आणि सुई घेऊन आल्या.

हिमोग्लोबिनचा आकडा आला तेव्हा त्यांना वाटलं यंत्र अजून बिघडलेलंच आहे. त्यांनी तीच नळी पुन्हा लावली. तोच आकडा. यंत्र बरोबर होतं.

"एवढ्याशा रक्तावर तुम्ही तळघरातून इथवर चढून आलात?"

"लिफ्टमध्ये स्ट्रेचर होतं," जाऊबाई म्हणाल्या.

गर्भाशयात गाठी होत्या. कित्येक महिने अंगावरून जात होतं, आणि जाऊबाईंनी ते वयावर ढकलून कुणाला सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की आधी रक्त वाढवायचं, मग ऑपरेशन, आणि मग काही आठवडे पूर्ण विश्रांती. फोनसुद्धा घ्यायचा नाही.

"मग जरा पुढे ढकलू," जाऊबाई त्या संध्याकाळी घरी म्हणाल्या. "आत्ता मला जमायचं नाही."

भाऊजी दुकानातून वर आले होते, मोजपट्टी गळ्यातच. त्यांनी ती काढली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "किती दिवस चाललं होतं हे?"  मग भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. पण जिन्यातल्या किल्लीचं मला माहीत होतं, आणि तेवढ्यावरूनही एखादीने विचारलं असतं.

भाऊजी रागावले नाहीत. त्यांना रागावता येत नाही. त्यांचा आवाज उलट बारीक होतो. ते जाऊबाईंना म्हणाले, "तुझं ते यंत्र नीट करायचंय ना, ते कर. मी अडवत नाही. पण ऑपरेशनचा दिवस मी ठरवून येतो." दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते हॉस्पिटलात आले, डॉक्टरीणबाईंच्या दारात बसून राहिले आणि दिवस ठरवूनच उठले. एरवी त्यांनी दुकान कधी बंद ठेवलेलं मला आठवत नाही.

मग जाऊबाईंनी जोडी नीट लावायला घेतली. आता मदतीला वायरमन होता. साहेबांकडे दुसरं माणूस नव्हतं आणि वायरमन स्वतःहून म्हणाला, "त्या दिवशी वायर मीच काढली, म्हणजे मला थोडं येतं." निवृत्तीला टेकलेला गृहस्थ, गुडघे दुखरे, तोंडाला खंड नाही. मी दुपारचा डबा घेऊन खाली जायची तेव्हा जाऊबाई खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून सांगत असायच्या आणि वायरमन एका बोटाने कीबोर्डवर अक्षरं शोधत असायचा. सलाइनमधून लोह चढवून आल्या की त्यांच्या हातावर पट्टी असायची.

"आमच्या वायरीत करंट असतो," तो म्हणायचा. "तुमच्या वायरीत काय असतं, ताई?"

"गप्पा."

"मग आमच्या घरातली सगळी वायरिंग तुमचीच दिसते."

यावेळी जोडणी खरंच झाली. दोघे सर्व्हर एकमेकांना क्षणोक्षणी कळवू लागले. पत्त्यांचा साठा दोघांत वाटून दिला. दोघांची घड्याळंही एकसारखी करून घेतली, कारण मुदतीचा हिशेब वेळेवर चालतो. आणि एक पडला तर काय करायचं, ते जाऊबाईंनी वायरमनकडून पुन्हा-पुन्हा घोटून घेतलं.

"जोडीदाराचा आवाज बंद झाला की हा एकटा काम चालू ठेवतो," त्या म्हणाल्या. "पण बिचकत. अर्धा साठा जोडीदाराचा आहे म्हणून हात लावत नाही. त्याला आपण सांगावं लागतं, की तो गेला, आता सगळं तुझं."

"म्हणजे बायको माहेरी गेली, आता स्वयंपाक तुझा."

"माहेरी गेलेली परत येते. म्हणून हे सांगायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं की तो खरंच गेलाय. मधली नुसती वायर तुटली असेल तर तोही जिवंत असतो, तोही वाटत असतो. मग लॅबमध्ये झालं तसं होईल."

वायरमनने या वेळी विनोद केला नाही. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "आधी बघायचं, मग सांगायचं."

राहिली चाचणी. पहिला सर्व्हर मुद्दाम बंद करून दुसरा उभा राहतो का ते पाहायचं. साहेब तयार होईनात. "आता चालतंय ना सगळं? मग कशाला डिवचायचं?"

"साहेब," जाऊबाई म्हणाल्या, "मला भूल दिलेली असताना याची पहिली परीक्षा व्हायला नको."

साहेबांनी खिडकीबाहेर बघत हो म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत, ओपीडी रिकामी झाल्यावर वायरमनने पहिल्याचं बटण दाबलं. मी ठरल्याप्रमाणे माझा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. चालला. पहिल्या मजल्यावर चालला, दुसऱ्यावर चालला. तिसऱ्यावरून लॅबच्या बाईंचा फोन आला, "इथे काहीही नाही."

प्रत्येक मजल्यावर भिंतीतल्या कपाटात एक पेटी असते. त्या मजल्यावरच्या यंत्रांची हाक ती खाली तळघरापर्यंत पोचवते. तिला दोन्ही सर्व्हर कुठे बसलेत ते सांगून ठेवावं लागतं. तिसऱ्या मजल्याच्या पेटीला दुसऱ्याचं सांगायचंच राहिलं होतं. ती बिचारी मेलेल्या पहिल्यालाच हाका मारत होती. जाऊबाईंनी पहिला पुन्हा चालू करवला, पेटी दुरुस्त केली आणि डोकं टेबलावर टेकवलं. मी पाणी दिलं. "उद्या पुन्हा बघू," त्या टेबलाकडेच तोंड करून म्हणाल्या. "आज माझ्यात दम नाही."

दुसऱ्या दिवशी चारही मजले चालले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वाजवण्यासारखं काही दिसतच नव्हतं. वायरमनने तेवढा चहा मागवला.

ऑपरेशनच्या दिवशी मी कामावर होते. भाऊजी वर थिएटरबाहेर बाकावर. मी खिडकीत, दर थोड्या वेळाने वरून फोन येतो का बघत. गर्दी नेहमीची. कॉम्प्युटर चालू, प्रिंटर चालू, मी नावं घालत होते आणि कागद देत होते. अशात वायरमन समोर येऊन उभा राहिला. रांगेत नाही, बाजूने. त्याचा चेहरा बघून माझा हात थांबला.

"जुना गेला," तो हळू म्हणाला.

 घरी मामंजी एकटे होते. "कोण गेला?"

"अहो, तळघरातला. जुना सर्व्हर."

मी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा चालू होता. शेजारच्या खिडकीत प्रिंटर कागद देत होता. रांगेतला माणूस वैतागून आमच्याकडे बघत होता.

"कधी?"

"मघाशी कधीतरी. मी सवयीने खाली डोकावलो तर जळका वास. वीजपुरवठ्याचा डबा पार काळा पडलाय. हात लावून पाहिला, गरम आहे पण मेलाय. वायर काढली. खात्री केली." त्याने घसा साफ केला. "मग दुसऱ्याला सांगितलं, की तो गेला, आता सगळं तुझं. ताईंनी शिकवलं तसंच. दोनदा वाचून बटण दाबलं. बरोबर केलं ना?"

हे मला काय कळणार. पण तो हो ऐकायला आला होता, म्हणून मी हो म्हटलं.  त्याने हात खिशात घातले आणि तो गेला. मी रांगेतल्या माणसाला विचारलं, "नाव?"

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा जाऊबाई अर्धवट जाग्या होत्या, ओठ कोरडे, चेहरा कापसासारखा. नर्स टॅबवर बोट फिरवत त्यांची सलाइन बघत होती. जाऊबाईंची नजर टॅबवर गेली.

"चालतोय?" त्यांनी विचारलं.

"चालतोय," मी म्हटलं. भाऊजींनी मला डोळ्यांनी दटावलं, म्हणून पुढचं गिळून टाकलं.

दोन-तीन दिवसांनी त्या उशीला टेकून बसू लागल्या तेव्हा मी सांगितलं. सगळं, जळक्या वासासकट. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं होतं चेहरा उजळेल.

"कुणाला कळलं का?"

"कुणालाच नाही. मला वायरमनने सांगितलं म्हणून."

"बरं." त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, असं कधी झालं तर मला किती आनंद होईल. आणि आता नुसती झोप येतेय गं."

"मग झोपा ना."

त्या झोपल्या. जेवण आलं, जेवण गेलं, डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, तरी उठल्या नाहीत. माझ्या लग्नापासून मी त्यांना इतक्या गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं.

त्या घरी आल्यावर साहेब एकदा भेटायला आले. भाऊजींनी त्यांना दुकानातच गाठलं. "झोपली आहे," ते म्हणाले.

"एकच विचारायचं होतं. जुन्याच्या जागी नवं मशीन मागवायचंय, तर…"

"झोपली आहे," भाऊजींनी आणखी बारीक आवाजात सांगितलं आणि स्टूल पुढे केलं. "बसा. शर्ट वगैरे शिवायचाय का?"

साहेब बसले. त्यांची अडचण खरी होती. काहीच बंद पडलं नव्हतं, त्यामुळे वरच्यांना नवीन मशीन का हवं ते पटवता येत नव्हतं. एकावर चालतंय ना, असं वरचे विचारत होते. साहेबांनी चहा घेतला आणि शर्टाचं माप देऊन गेले.

म्हणजे हॉस्पिटल पुन्हा एकाच सर्व्हरवर आलं, तेही रेकॉर्ड विभागातून काढून टाकलेल्या. ते सगळे आठवडे वायरमन रोज सकाळी, दुपारी आणि निघताना तळघरात जाऊन यायचा. मला म्हणायचा, "आता जेवणात लक्ष लागत नाही हो. एकटंच आहे ना ते." त्याने जाऊबाईंना मात्र एकदाही फोन केला नाही. भाऊजींची भीती असेल, नाहीतर माणूस चांगला असेल.

जाऊबाई कामावर परतल्या तेव्हाही नवं मशीन आलं नव्हतं. त्या साहेबांकडे गेल्या. वाद घालायची ताकद त्यांच्यात नव्हती, तसं त्यांनी सांगितलंच. "मी अजून अर्धीच बरी आहे. हेही बंद पडलं तर मी धावत येणार नाही. येऊ शकणार नाही." साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, आणि त्यांच्यासमोरच वर फोन लावला. बराच वेळ बोलले. एकदा आवाज चढवला. मशीन यायला त्यानंतरही वेळ लागला, पण आलं. जाऊबाई खुर्चीत बसल्या, वायरमन कीबोर्डवर. आता तो दोन बोटांनी लिहितो.

डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्त भरायला वेळ लागतो आणि थकवा त्याच्याही मागून जातो. तो अजून पुरता गेलेला नाही. संध्याकाळी घरी आलं की जाऊबाई आधी आडव्या होतात, मग बोलतात. कधी उगाच चिडतात. कधी म्हणतात, इतकी वर्षं मी नक्की कशाला धावत होते, आणि उत्तराची वाट न बघता कूस बदलतात.

परवा सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या आतल्या खोलीत झोपल्या होत्या. त्यांचा फोन बाहेर वाजला. मी पाहिलं, वायरमन होता.

"ताई आहेत का?"

"झोपल्यात. उठवू?"

तिकडे त्याच्या पाठीमागून यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"नको," तो म्हणाला. "बघतो मी."